सुटलं तर कळवतील

पुतळा : आन मी ती गाभोली तशीच परत दिली रंगूबाईला.

नमिता : आई, त्या एवढ्या मायेनं आणतात. तुम्ही माशाची अंडी खाल्लीत म्हणून माझ्या बाळाचं काय बिघडणार आहे?

पुतळा : बिघरो नाय तर न बिघरो. सुनेचं पोर हास्पिटलच्या कपाटात वाढतंय, आन मी हिकडं अंडी तलून खाऊ? घास उतरंल का?

नमिता : पोर कुठलं, आठ पेशी आहेत नुसत्या. त्यात हे शेवटचंच उरलेलं. उद्या पोटात सोडायचंय, तोवर टिकायला हवं.

पुतळा : टिकंल. चाराच्या आठ झाल्या, आठाच्या सोला होतील. तूच शिकवतेस ना कालेजात?

नमिता : शिकवते. फळ्यावर छान वाढतं.

पुतळा : पन त्यांना सांगतं कोन, तू डोला हो, तू कालीज हो?

नमिता : वरून कुणी नाही सांगत. आधी सगळ्या सारख्याच असतात. मग शेजारीण काय करते ते बघून एकेक जण आपलं काम धरते.

पुतळा : म्हंजे आमच्या सारसोले गावासारखंच. मना तरी कोनी शिकवलंवतं? बाजूची खाडीत उतरली, तिच्या मागं मी चिखलात. चिंबोरी पोटाखाली अंडी घिऊन जाल्यात आली का सोरून द्यायची आमी. जा बाय, म्हनायची. आता ती शेजारीन नाय, आन तेवरी चिंबोरीपन नाय.

(फोन वाजतो.)

नमिता : हॅलो... हो, नमिताच बोलतेय... कालपासून? ... अजून एक दिवस ठेवून बघता नाही येणार? ... बरं. बरं. थँक्यू.

पुतळा : थँक्यू म्हनलीस, म्हंजे बरं हाय ना?

नमिता : अरेस्ट झालं, आई.

पुतळा : अरेस्ट? कोनी केलं? माज्या केतनला फोन लाव. ठान्यात वलख हाय त्याची.

नमिता : पोलिसांचं नाही हो. वाढायचं थांबलं. त्याला अरेस्टच म्हणतात.

पुतळा : का थांबलं?

नमिता : सांगता येत नाही म्हणाल्या डॉक्टर.

पुतळा : तुज्या पुस्तकात असंल की.

नमिता : पुस्तकात नाव आहे. कारण दर वेळी कळतंच असं नाही.

पुतळा : परवा रंगूबाईच्या दारात मी उभी व्हती. आत गाभोली तलत व्हती ती. वास आला मना.

नमिता : त्यानं नाही होत.

पुतळा : मंग तुजं काय चुकलं?

नमिता : माझंही नाही. कुणाचंच नाही. कुणाचं असतं तर भांडले तरी असते.

पुतळा : आता काय करतील त्याचं?

नमिता : विचारलं नाही मी.

पुतळा : बस जरा. पानी पी.

नमिता : रंगूबाईंकडून आणा ती गाभोळी. खा आता.

पुतळा : नगं.

नमिता : आई, संपलं ते.

पुतळा : कललं मना. तू फोन तेवरा चालू ठेव. सुटलं तर कलवतील.