पट्टीवरची तारीख

बायको इनशिराह गेल्याचं वगदीला ज्या संध्याकाळी दवाखान्यात कळलं, त्याच सकाळी इंजिनियरने त्यांच्या स्वयंपाकघरातल्या भेगेवर प्लास्टरची पट्टी लावली होती. तिच्यावर तारीख घातली ती इनशिराहनेच, काजळाच्या पेन्सिलीने. अलेक्झांड्रियातली ती इमारत खचत होती. भिंत हलली की पट्टी तडकते; सहा महिन्यांत घरोघरच्या पट्ट्या तडकल्या, तर घरं रिकामी करायची होती.

सहा महिने झाले. पाहणीचा अर्ज द्यायला वगदी रांगेत उभा राहिला. पुढे शेजारणी होत्या, दौलत आणि सुहेर.

“तुझी पट्टी ठीक आहे ना गं, सुहेर?”

“कसली पट्टी! ईदला सासूबाईंनी खरवडून काढली. म्हणे, पाहुणे काय म्हणतील?”

“अगंबाई! आता इंजिनियर बघणार काय, सासूबाईंना?”

“बघू दे की. त्याही एका बाजूला कललेल्याच आहेत.”

“आमची शाबूत आहे बाई. ह्यांच्या घोरण्याने भिंत हलते, पण पट्टी नाही तडकली.”

“वगदीभाऊ, तुमची?”

“शाबूत आहे.”

“नीट बघितलीत?”

“रोज बघतो.”

“मग झालं तर! जमीन बसायची तेवढी बसली. पट्टी काढा, भिंत रंगवा आणि आम्हाला उसाचा रस पाजा.”

“रस आत्ताच पाजतो.”

“आणि रंग?”

“आणून ठेवलाय.”

त्याच आठवड्यात इंजिनियर पाहून गेला. इमारत खचायची थांबली आहे, खुशाल राहा, म्हणाला.

रंगाचा डबा ओट्याखाली आहे. भिंत रंगवायची राहिली आहे.