काकांचं हस्तिदंत

आयुष्यात एवढ्या गिऱ्हाइकांनी माझं सुतारकाम तपासलं, पण काकीसारखं कुणी तपासलं नाही बघा.

काका बोटीवर होते तेव्हा त्यांनी फ्रान्सहून एक जुनं कपाट आणलेलं. दारावर रंगीत लाकडाचे पातळ तुकडे बसवून केलेली फुलं, आणि मधोमध एकच पांढरी पाकळी. येईल त्या पाहुण्याला काका दाखवायचे, "अस्सल हस्तिदंत! हात लावू नका."

परवा पुसताना ती पाकळी काकांच्याच हातून निखळली आणि केरात गेली. काकी माहेरी हेदवीला गेलेली. काका धावत माझ्या मिरजोळ्याच्या वर्कशॉपवर. "मेल्या, ती यायच्या आत पाकळी बसव, नाहीतर माझं काही खरं नाही."

"अहो, हस्तिदंत आणू कुठून?"

"कुठूनही आण!"

घरी कडक गऱ्यांच्या काप्या फणसाच्या आठळ्या, म्हणजे बिया, वाळत होत्या. एकीचं पांढरं टरफल सोललं, पाकळीसारखं कापलं, चिकटवलं, वर पॉलिश मारलं. काका खूश. "हुबेहूब रे! फ्रान्सवाल्यालाही कळायचं नाही."

संध्याकाळी काकी आली. पिशवी ठेवलीन, कपाटासमोर थांबली, पाकळीवरून नख फिरवलंन.

"ही कुणी बदललीन?"

काका छताकडे बघायला लागले. मीच म्हटलं, "बदलतंय कोण काकी? हस्तिदंत आहे ते."

"हस्तिदंत म्हणे! ते लग्नाच्या वर्षीच माझ्या झाडूने गेलं. तिथे मी आठळीचं टरफल लावलेलं. पण ते बरक्या फणसाचं होतं, हे काप्याचं आहे!"