भिमाजीचा डावा हात

आता तुमीच सांगा, डोळ्यांदेखत माणूस तोल जाऊन कलंडायला लागला तर त्याला हात द्यायचा का न्हाई? द्यायचा ना? तर न्हाई. हात लावायचा न्हाई. असं ती पुण्याच्या दवाखान्यातली सुमनताई म्हणाली, पांढरं पातळ, काखेत छत्री, भर उन्हाळ्यात छत्री, आणि मला सांगते कशी, "गेनूबा, ते पडले तर पडू द्या. आपले आपण उठतील." मी चौथी नापास माणूस, पण पडलेल्याला उचलावं एवढं तर मला बिगरीतच शिकवलं होतं. तुमाला सांगतो, साठ वर्षांत मला हात लावू नको असं कुणी म्हणालं न्हवतं, एक बबनराव सोडला तर, आणि तोसुद्धा त्याच्या म्हशीबद्दल म्हणाला होता.

पडणारा कोण, तर भिमाजी. माझा लंगोटीयार. जातिवंत गवंडी. पिंपरीत तो औषधाचा नवा कारखाना उभा राहिलाय ना, त्याच्या कुंपणाची अर्धी भिंत ह्या गड्यानं उचलली, ओळंबा लावून बघा, केसाचा फरक निघणार न्हाई. आणि गेल्या माघात, हातात थापी, तोंडात अर्धं वाक्य, आणि अंगावरून वारं गेलं. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला, वाक्य तेवढं दोन महिन्यांनी परत आलं. काय होतं ते वाक्य? "मालात पाणी जास्त झालंय." म्हणजे बघा, यम उशाशी आणि ह्याला चुन्याची काळजी.

घरात दुसरं कोण न्हाई. सारजाबाई जाऊन सात वर्षं झाली, एकुलती लेक शकू चाकणला दिलेली. ती म्हणाली, "आबा, आमच्याकडं चला." जावई बाळाजी, तो बिचारा लाख माणूस, तोही चला म्हणाला. पण जावयाच्या दारात खाट टाकून पडायचं? अहो, नातू होईपर्यंत ह्या माणसानं लेकीच्या घरचं पाणी तोंडाला लावलं न्हवतं. मला म्हणाला, "गेन्या, त्यापरास मला पवनेत लोटून दे." मी म्हणालो, "चैत्र चाललाय, गुडघाभर पाणी हाय, मरायचा न्हाईस, नुसता भिजशील."

मग दवाखान्यानं तोड काढली. ही ताई सहा आठवडे रोज नवाच्या एस.टी.नं येणार आणि एकट्या माणसानं एकट्यानं कसं करायचं ते शिकवणार. सहाव्या आठवड्याच्या शनिवारी शकू आणि बाळाजी येऊन बघणार. उठणं, आंघोळ, कपडे, चूल, जेवण, सगळं आबांनी आपलं आपण केलं, तर आबा आपल्या घरात. न्हाई केलं, तर बैलगाडी दारात.

पयल्या दिवशी ताईनं मला रस्त्यात घर विचारलं आणि मी... आता माझा सोभावच तसा, काय करू... मी तिला बबनरावाचं घर दाखवलं. बबनराव म्हणजे पैलवान, न्याहारी करून ओसरीवर आडवा पडलेला. ताईनं सरळ त्याचा पाय धरला, म्हणाली उचला, आणि त्यानं उचलला! दहा वेळा उचलला, मग दुसरा दहा वेळा, मग तिला शंका आली. बबनराव अजून म्हणतो, "बाई गुणाची, कंबर मोकळी झाली माझी." ताई माझ्याकडं आली, रागावली न्हाई, ओरडली न्हाई, एवढंच म्हणाली, "तुमचे हात फार मोकळे दिसतात, गेनूबा. जरा आवरून ठेवा." तिथनं हे सुरू झालं, हात लावायचा न्हाई.

बरं, शिकवायची तरी काय? खाटेच्या पायाला दोर बांधला, तो धरून उठा. सदरा घालताना आधी आजारी हात घाला मग चांगला, काढताना उलट. ताटाखाली ओलं फडकं, म्हणजे ताट सरकणार न्हाई. इथवर ठीक. मग म्हणाली, "आता डाव्या हाताने जेवा."

डाव्या हातानं. अन्न. मी म्हणालो, "ताई, डावा हात कशाला असतो हे पुण्याला ठाऊक न्हाई का?" तर म्हणते, "घरात साबण आहे ना?" संपलं. शेजारची मंजुळाबाई दारात उभी राहून तोंडाला पदर लावून म्हणाली, "बाईमाणूस बसून बघतंय आन म्हातारा डाव्या हातानं जेवतोय. त्यापरास उपाशी बरा की." आणि भिमाजीनं घास उचलला. तो हात, ज्यानं चाळीस वर्षांत फक्त विटा धरल्या न्हाईतर तांब्या, तो हात तोंड शोधत होता. घास हनुवटीला लागला, मांडीवर पडला. दुसरा मिशीत गेला. एरवी मी काय सोडतो व्हय? मिशीतल्या भातावर मी आठ दिवस गाव हसवलं असतं. पण तो माझ्याकडं बघंना. जन्माचा सोबती, आणि मान खाली घालून मांडीवरची शितं येचत होता... एकेक. ती बाई तिथंच बसलेली. मी पुढं झालो, तशी ती म्हणाली, हात लावायचा नाही.

मग मी काय केलं? तुमी केलं असतं तेच केलं. ती नवाला येते ना? मी सातला जायला लागलो. चूल पेटवून ठेवायची, आंघोळ घालायची, धोतर नेसवायचं, पोटभर भाकरी माझ्या उजव्या हातानं भरवायची आणि ती यायच्या आत कुडाआड पसार. ताई यायची, हा चापूनचोपून धोतर नेसून बसलेला. "भिमाजीराव, तुम्ही नेसलात?" "व्हय." "चूल?" "म्याच." ती वहीत लिहायची, आणि ह्याला हसू आवरायचं न्हाई, मी कुडाच्या पलीकडं तोंड दाबून. वारं गेल्यापासून तो पयल्यांदा हसत होता हो. त्यासाठी मी पहाटे चारला उठलो असतो.

तिनं एकदा सांगून बघितलं, "एका हाताने धोतर अवघड जातं, रबर घातलेली विजार वापरा." हा म्हणाला, "विजार? मी काय बँडवाला हाय?" आणि दोघं असे हसलो, असे हसलो... ताईसुद्धा हसली. म्हणाली, "बरं. जमतंय तर धोतर."

आला शनिवार. शकू आली, बाळाजी गाडी घेऊन आला, बैल दाराशी. गडी दोर धरून उठला. काठी घेऊन न्हाणीपतुर गेला. शकूचे डोळे भरले, म्हणाली, "आबा, एवढं जमाया लागलं?" ताईनं धुतलेलं धोतर खुंटीवर ठेवलं, म्हणाली, "आंघोळ करून नेसून या, घाई नाही." मी म्हणालो, "मी जरा बंबात लाकूड सारतो..." ताई म्हणाली, "गेनूबा, बसा."

बसलो. आतनं पाण्याचा आवाज आला, मग थांबला. मग लई वेळ काहीच न्हाई. बैलांच्या घुंगरांचा तेवढा आवाज. मग धपकन... शकू धावली, बाळाजी धावला. भिमाजी भिंतीला टेकून खाली बसलेला, अंगाखाली धोतर, एक टोक दातात, दुसरं डाव्या मुठीत. लागलं न्हवतं. पण लेकीसमोर, जावयासमोर...

ताई वळून माझ्याकडं बघते. "गेनूबा, रोज किती वाजता येता तुम्ही?"

मी जन्मात हजार थापा मारल्या, एक सापडली न्हाई त्या वक्ताला. म्हणालो, "सातला."

तिनं वही मिटली. म्हणाली, "धोतर जमत नाही हे मला कळलं असतं, तर दुसरं काही शिकवलं असतं. आता सोमवारपासून मला तळेगावला दुसरा रुग्ण आहे." तिचा आवाज चढला असता तर बरं झालं असतं. शकू म्हणाली, "गेनूकाका, ही माया केली का दावा साधला?"  माया का दावा, तुमीच ठरवा.

गाडीत मी आणि बाळाजीनं त्याला उचलून ठेवला, पोतं ठेवावं तसा. भिमाजी मला एवढंच म्हणाला, "गेन्या, चेष्टा अंगाशी आली रे." त्याच्या घराला कुलूप मीच लावलं.

तीन महिने गेलो न्हाई. कोणत्या तोंडानं जायचं? श्रावणात मन घट्ट करून चाकणची एस.टी. धरली. जावयाच्या पडवीत खाटेवर बसलेला. धोतर बाळाजीच नेसवतो, ते मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. मग बाळाजीही शकूच्या मागनं शेतावर गेला, घरात तिसरं माणूस न्हाई. म्हणाला, "बस. च्या करतो." मी उठलो, तसा डोळे वटारून म्हणतो, "हात लावायचा न्हाई."

तुमाला सांगतो, एक कप चहाला माणसाला किती वेळ लागावा? काठी टेकत चुलीपतुर जाऊन बसला, काडेपेटी डाव्या पायाच्या बोटांत धरून डाव्या हातानं काडी ओढली. चार विझल्या, पाचवी लागली. आधण उकळलं. सांडशीतनं भांडं निसटलं, सावरलं. मी दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसलेलो, मुंग्या आल्या हाताला. काठी काखेत मारून, भिंतीला खांदा घासत कपबशी घेऊन निघाला, प्रत्येक पावलाला च्या बशीत, बशीतनं जमिनीवर. माझ्यापतुर पोचला तेव्हा कपात अर्धा उरलेला, आणि डाव्या हातानं पुढं केला. मंजुळाबाई असती तर उठून गेली असती. मी घेतला. प्यालो. तो समोर बसून माझ्या तोंडाकडं बघतोय, पयला घास खाताना मान खाली घातलेला हाच माणूस. म्हणाला, "कसा झालाय?"

गूळ टाकायचाच विसरला होता. आता तसं सांगितलं असतं, तर तो परत उठला असता, परत काठी, परत चूल, आणि मला परत तासभर हातांवर बसावं लागलं असतं. म्हणालो, "झक्कास." कपाळकरंटा लगेच उठला, म्हणतो, "मग आणखी एक घे."