शेजारच्या खाटेची नोंद

"हॅलो?… हो, बोला."

बाइंडरबाईंनी फोन खांद्याने कानाशी दाबून धरला. दोन्ही हात खळीने बरबटलेले होते, पुढ्यात एका जाडजूड शब्दकोशाचा पुठ्ठा उघडा पडला होता.

"कुठून?… हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेतून? नाही हो, मी काही तपासायला दिलेलं नाही… नऊ वर्षांपूर्वीचं? हो, मोठ्या आतड्याचं ऑपरेशन… विचारा ना… 'पेशंटचं पुढे काय झालं' म्हणजे?… अहो, चाचरताय कशाला? पेशंट मीच. मीच बोलतेय."

बाईंना हसू आलं.

"आहात ना?… असू दे, माफी कसली त्यात. पाच वर्षांनी तपासणीला यायचं मीच बंद केलं. मी गेले असं तुम्हाला वाटणारच… वय काय तुमचं?… मग मावशी म्हण. मीही 'अगं'च म्हणते."

फडक्याला हात पुसून त्या स्टुलावर टेकल्या.

"हं, सांग… माझा तुकडा अजून आहे तुमच्याकडे? मेणात घालून?… बघ बाई, मी इथे लोकांची पुस्तकं टिकवते आणि तुम्ही तिथे माझं आतडं… बरं, त्याचं काय करता?… प्रथिनं? थांब, सावकाश… म्हणजे ट्यूमरमध्ये काही ठरावीक प्रथिनं जास्त असली, की रोग पुढे पसरतो, असं तुम्हाला वाटतंय… हं, नुसतं वाटतंय, अजून ठरलेलं नाही… म्हणून जुने तुकडे काढायचे आणि त्या माणसांचं पुढे काय झालं ते जुळवून बघायचं… आलं लक्षात. लिही मग. कुठेही पसरला नाही. यकृतात नाही, फुप्फुसात नाही… आणि माझ्या तुकड्यात काय निघालं?… सांगता येत नाही? राहू दे. आता कळून मी काय करणार."

पलीकडची मुलगी आभार मानू लागली, तशा बाई घाईने म्हणाल्या,

"अगं ऐक ना, ठेवू नकोस. माझ्या ऑपरेशनच्या दिवशी शेजारच्या खाटेवर एक गणिताच्या बाई होत्या. त्यांचंही हेच ऑपरेशन… हो, हो, दुसऱ्या कोणाबद्दल तुला बोलता येत नाही. तू नको बोलूस. मी बोलते… त्यांच्या नावापुढे तुझ्याकडे काही लिहिलेलं नसेल. घर विकून मंडळी निघून गेली."

"आतड्याभोवतीच्या लहान गाठी असतात ना, माझ्या तीन गाठींत रोग सापडला. त्यांच्या एकाही गाठीत नाही. म्हणून मला सहा महिने केमो आणि त्या सरळ घरी… अगं, माझ्या प्रत्येक केमोला यायच्या. सलाइन संपेपर्यंत पोरांचे पेपर तपासत बसायच्या… हो… चौदा महिन्यांनी. यकृतात… नाही गं, कळलं तेव्हा फार उशीर झाला होता."

बाइंडरबाईंनी शब्दकोशाचा उघडा पुठ्ठा मिटला.

"एक विचारू? हे तुमचं प्रथिनांचं तेव्हा असतं, तर त्यांनाही केमो दिली असती?… सांगता येत नाही… नाही, खरं बोललीस ते बरं केलंस. हो म्हणाली असतीस तर मला जड गेलं असतं."

"मग त्यांचं कोणी सांगायचं?… घरच्यांनीच? एक मुलगी आहे. नंबर आहे डायरीत… नाही, तुला इतक्यात देत नाही. आधी मी बोलते तिच्याशी… बाई गेल्यापासून एकदाही केला नाही गं फोन. काय बोलणार होते? माझ्या गाठी वाईट, तिच्या आईच्या चांगल्या, आणि मी इकडे धडधाकट. निम्मा नंबर लावायचे आणि ठेवून द्यायचे."

"नाही, रडत नाहीये… आणि तिने नको म्हटलं, तर त्यांच्या नावापुढे काय लिहिता तुम्ही?… 'माहिती उपलब्ध नाही'… म्हणजे त्या मोजल्याच जाणार नाहीत?… हं. उद्या दुपारी कर मला फोन. हो. ठेवते."

बाईंनी खणातून डायरी काढली, पान शोधलं आणि या वेळी पूर्ण नंबर लावला. पलीकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली. मग कोणीतरी उचलला.

"मी बोलतेय गं," त्या म्हणाल्या, "तुझ्या आईच्या शेजारच्या खाटेवरची."