आधी डोळा, मग धोटा

आमचं मूळ कबनूरचं, बापापासनं सगळी मागावर, पॉवरलूमची खटक-खटक ऐकल्याबिगार आम्हाला घास गिळत न्हाय. दादा थोरला, मी धाकटा. दादाचा हात मागावर असा चालायचा की काय सांगू तुम्हाला, आन् माझा कागदावर, म्हणजे मला तसं वाटायचं. गणपतीत मंडळाचा सजीव देखावा असायचा, पोरं रंगून उभी राहायची, संवाद कॅसेटवर, आन् ते लिवायचो मी. आधी पौराणिकच लिवलं, देवांनी कधी तक्रार केली न्हाय.

मग एका साली, नव्वदनंतरचं असंल, विषय निघाला दारूचा. म्हटलं हे तर माझ्या घरातच हाय की. दादाचा डोळा गेलता. मागावर आडवं सूत नेणारा लाकडी धोटा असतोय, टोकाला लोखंड, तो उडाला आन् थेट डोळ्यात. उडू नये म्हणून जाळी बसवत्यात, ती दादानं शेठकडं तीनदा मागितलती, शेठ म्हणायचा बघू की दिवाळीनंतर. डोळा गेला, काम गेलं, मग दादा गुत्त्यावर. आन् हाच शेठ आमच्या मंडळाचा अध्यक्ष!

पण सरळ सांगितलं तर त्यात लेखक कुठला? मी एका शिबिरात ऐकलतं की गोष्ट शेवटाकडनं धरावी, मग मागं जावं, माणूस बांधला जातोय. झालं, डोक्यात वारं शिरलं. पयल्या भागात आजचा दादा, डोळ्यावर पट्टी, झोकांड्या खातोय, बायकोवर हात उगारतोय. मग निळा दिवा, मागाची खटक-खटक वाढत जातीया, आन् दुसऱ्या भागात दहा वर्सं मागं, तरणा दादा जाळी मागतोय, धोटा उडतोय. शेठनं पयल्या दिवशी पुरता बघितला. दुसऱ्या दिवशी मला शाल, नारळ, म्हणाला वा लेखक, पण रांग खोळंबतीया, पयला भाग झाला की माणसं पुढं सोडा. आन् मी गाढव, शाल सावरत म्हटलं, व्हय शेठ.

त्यानं माझ्या गोष्टीचा कणाच काढून घेतलाय हे मला तीन दिवस कळलं न्हाय. तीन दिवस!

पाचव्या दिवशी दादा आला, वैनीला घेऊन, न पिता. पट्टीवालं सोंग बघून पोरं फिदीफिदी हसत्यात, एक बाई म्हणतीया मुडदा बशिवला त्या दारुड्याचा, आन् निळा दिवा लागायच्या आत शिट्टी, चला पावणं, पुढं चला. दादानं मला मांडवामागं गाठलं. म्हणाला, माझा डोळा दाखवलास, तो घालवला कुणी ते कुठं हाय? म्हटलं मागनं येतंय दादा, दुसऱ्या भागात. तर म्हणाला, मागनं येतंय ते बघाय हितं थांबू देतंय कोण? आन् गेला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग माझं डोकं फिरलं. कॅसेटवाल्याला म्हटलं पलटी मार, दुसरी बाजू आधी लाव. पोरांना पत्ता न्हाय, तरण्या दादाच्या संवादावर दारुडा झोकांड्या खातोय, बायको मार खायाला वाकून उभी. पण माणसं थांबली. शिट्टीवर शिट्टी झाली तरी हलेनात, एक मागवाला वरडला, आरं जाळी का दिली न्हाय रं? तेवढ्यात शेठनं वायर उपटली. मी घसा फोडून सांगितलं, ज्यानं दिली न्हाय तो हितंच उभा हाय, वायर हातात घेऊन. दोन थोबाडीत खाल्ल्या. पुढच्या साली मंडळानं परत देव उभं केलं.

दादाची दारू सुटली, वैनीमुळं, माझ्या लेखणीनं न्हाय. सणाला जातो, ताट वाढत्यात, दादा माझ्याशी बोलत न्हाय. शेठच्या नव्या शेडातबी जाळ्या न्हाईत म्हणं. लोकं म्हणत्यात, सांग की त्याला, तू नंतर पलटी मारलीस ते. सांगितलं की वैनीनं. पण हसणारी पोरं त्यानं बघितली, थांबलेली माणसं न्हाई बघितली. ऱ्हाऊ दे. माझ्याकडं न बघता का हुईना, उरलेला डोळा देवानं त्याचा शाबूत ठेवावा.