अंगठ्याचा टेकू

नेमबाजीच्या स्पर्धेआधी पिस्तुलं तपासून घ्यायची रांग होती. माझ्यापुढे एक नवराबायको उभे होते.

"अहो, काल सरावाआधी माझ्या पिस्तुलाच्या बगलेत हे नक्की काय बसवलंत?"

"अंगठ्याचा टेकू. डावा अंगठा त्यावर दाबून धरायचा, म्हणजे गोळी सुटताना नळी उसळत नाही. कालची अख्खी दुपार घालवली मी, आणि तुला कौतुक नाही!"

"साध्या पिस्तुलांच्या गटात चालतो हा?"

"चालत नाही, असं आत्ता त्या पाटीवर वाचलं."

"मग काय, मला बाद करणार?"

"बाद नाही गं. खुल्या गटात टाकतील."

"म्हणजे तुमच्या गटात?"

"हो ना. तिथे सगळे मुरलेले गडी. तुझा निभाव लागायचा नाही."

"त्या मुरलेल्यांत दरवर्षी शेवटून पहिले तुम्हीच ना?"

"हळू बोल!"

"आणि काल संध्याकाळी सरावात कोणाचे गुण जास्त होते?"

"तो टेकूचा प्रताप."

"टेकू तर तुमच्याही पिस्तुलाला आहे."

"हे बघ, घरी हरतो तेवढं पुरे नाही का? आण इकडे, काढून टाकतो. अहो साहेब, तुमच्याकडे स्क्रूड्रायव्हर आहे का?"

"आहे," मी म्हणालो.

"माझ्याकडे द्या, दादा. यांनी जरा ढिलाच बसवलाय. घट्ट करून घेते."