बहिणीच्या घराचा पाया

फुलाबाई: दादा, उन्हात नको हुबा ऱ्हाऊस. लिंबाखाली घोंगडं टाकलंय, तितं बस जा.

कुंडलिक: मोरगावास्नं पयल्या यष्टीनं आलो ते घोंगड्यावर बसाया व्हय? मी काय पावना हाय?

फुलाबाई: असं का बोलतोस? बहिणीच्या घराचा पाया भरायचा, अन् तू हितं नको?

कुंडलिक: भाऊ सख्खा गवंडी. तीस वरसं दगड घडवतोय. अन् पाया भरतोय कोण, तर बिरू! माझ्या हाताखाली दहा वरसं चुना मळला ह्यानं.

बिरू: मळला की, वस्ताद. ओळंबा कसा धरायचा ते बी तुमीच शिकवलं. मी कुठं न्हाय म्हंतो?

फुलाबाई: दादा, खरं सांगू का? जळोचीची ही जमीन काळी. उन्हाळ्यात पाय जाईल एवढी भेग पडती. जुन्या घराची तू चुन्यात बांधलेली भिंत दोनदा फुटली, दोनदा तूच सांधलीस. ह्येंनी मामलेदार कचेरीत चार चकरा मारल्या, तवा कुठं सा पोती शिमिटाचं परमिट मिळालं. अन् आज नेमकी आमच्या उसाला तोड आली, ते तिकडं अडाकल्यात. म्हून तर काल सांगावा धाडून तुला बोलावलं.

कुंडलिक: राखणीला बोलावलंस म्हण की.

बिरू: बानूबाई, पाण्याच्या घागरी तितंच कडंला ठेवा, वतू नका. तुमी नुसतं पाणी अन् घमेली वाहायची. वस्ताद, हे बगा. एक घमेलं शिमिट, दोन वाळू, चार खडी. आधी कोरडंच तीनदा वरखाली करायचं. समदीकडं एकच रंग दिसला, की मंग पाणी. ते बी बेतानं. कारखान्याच्या बांधकामावर इंजिनेर सायेब पाण्यापाशीच हुबा असायचा. जरा जास्त झालं की म्हनायचा, फेका.

कुंडलिक: सायेब, सायेब! आमी घाणीला बैल जुंपून चुना दळायचो, पंधरा दिस मुरवायचो. हे राखेवानी पीठ, अन् तासाभरात दगड व्हतंय म्हनं.

बिरू: तासाभरात धरतंय. दगड व्हायला आठ-पंधरा दिस लागत्यात.

कुंडलिक: ऐकलंस फुला? आता मला हा शिकवणार. अन् ती बांधावरची माणसं बघ, समदी ह्याच्याच हाताकडं बगत्यात. शेजारच्या सर्जेरावांनी त्यांच्या गोठ्याचं काम बी ह्यालाच सांगितलंय. मघाशी समोरनं गेले, मला ‘कवा आलास’ म्हून बी इचारलं न्हाय.

फुलाबाई: त्यांचं ध्यान नसंल रं.

कुंडलिक: व्हय. आता कुणाचंच नसतंय.

बिरू: आक्का, खडीची दुसरी गाडी रस्त्याला लागली. बानूबाईला घेऊन उतरवून येतो. वस्ताद, तवर ह्या कालवलेल्या मालाकडं बगा. पाणी बरोबर पडलंय, आता थेंब बी नको.

फुलाबाई: मी भाकरीचं बगते.

(कुंडलिक मालापाशी एकटाच उरला. बिरूनं कालवलेला माल कसा एकजीव दिसत होता, ते त्याला दिसत होतं, आणि तेच त्याला बघवत नव्हतं. त्यानं कडेची भरलेली घागर उचलली आणि मालात पालथी केली. मग दुसरी.)

बिरू: आक्का! जरा हिकडं या. हे कुणी केलं?

फुलाबाई: काय झालं रं?

बिरू: मूठ वळाया गेलो तर बोटांतनं गळतंय. दोन घागरी तरी जादा पडल्यात. हा माल पायाच्या चरात गेला, तर वाळल्यावर नुसता भुगा. ही बानूबाईच. तिला दहादा सांगितलं, पाण्याला हात लावू नको. आक्का, तिला उद्यापासनं नगं म्हना.

फुलाबाई: ती तर देवाची आण घेतीया. बघ की, रडाया लागली. दादा, तू हितंच व्हतास. कुणी वतलं पाणी?

कुंडलिक: ऊन लई हाय...

फुलाबाई: दादा, मी काय इचारतीया?

कुंडलिक: तिला नका घालवू. पाणी मी वतलं.

बिरू: चुकून पडलं व्हय, वस्ताद?

कुंडलिक: न्हाय. उचलून वतलं.

फुलाबाई: माझ्या घरात? माझी लेकरं निजणार तितं? दादा, घर पडलं असतं तर?

कुंडलिक: घर पडावं असं न्हवतं गं मनात. बिरूचं नाव पडावं, एवढंच व्हतं. कुठं एखादा तडा गेला असता, अन् तू म्हनली असतीस, दादाच बरा व्हता. सकाळपासनं तेवढंच ऐकायला कान टवकारून हुबा हाय मी.

फुलाबाई: अन् त्यापायी त्या गरीब बाईला रडवलंस.

बिरू: आक्का, बोलायला येळ न्हाय. माल धरायच्या आत सुधरला पायजे. ओट्यासाठी ठेवलेलं सावं पोतं फोडतो. वाळू अन् खडी त्याच मापानं घालून परत कालवू. पाया व्हईल. पर ओट्याला शिमिट उरायचं न्हाय.

फुलाबाई: नसंना का. पाया व्हऊ दे.

कुंडलिक: बिरू, एक फावडं हिकडं दे.

बिरू: घ्या. कडंनं आत वढा. वरवर नको, तळातनं उचला. अजून. अजून जरा. हां, आता वळा मूठ.

कुंडलिक: वळली.

बिरू: पाणी सुटतंय?

कुंडलिक: न्हाय.

बिरू: मंग भरा घमेली. बानूबाई, चला, त्या कोपऱ्यापासनं टाका. वस्ताद, तुमी धुम्मस घ्या, चांगलं ठोका. पोकळी ऱ्हाता कामा नये.

कुंडलिक: चांगलं शिकलास रं. अजून बी सलतंय मला, खोटं कशाला बोलू.

बिरू: सलू द्या. हात थांबवू नका.

फुलाबाई: भरला का रं चर?

बिरू: भरला, आक्का. वर ओलं गोणपाट टाकलं की झालं.

फुलाबाई: दादा, बानूबाईशी बोललास?

कुंडलिक: हात जोडले. तिनं तोंड फिरवलं. घमेलं घेऊन गेली.

फुलाबाई:  भाकऱ्या झाल्यात. पयलं पान बिरूचं अन् बानूबाईचं. तू मागनं.

कुंडलिक: बरं. फुला, बिरूला कालवण नको वाढूस. शिमिटानं बोटं फुटल्यात त्याची, झोंबंल. दूध-भाकरी दे.